कठड्याचा उतार

५ मार्च

चि. ठमीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू आखलेली बाग उघडली. पेपरात फोटो आला, छान दिसतेस, जरा खात जा. आता बागेबद्दल. तुला लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलं ते माझं चुकलंच.

जुन्या कट्ट्यावर आम्ही चौघं रोज संध्याकाळी बसायचो: मी, रिटायर्ड मास्तर, समोरचा शिंपी आणि नर्सबाई. तुझे काका गेल्यापासून माझं तोंड उघडायचं ते तिथेच. तो कट्टा तू पाडलास आणि त्याच्या जागी कठडा बांधलास, तोही वरून उतरता. बसलं की माणूस हळूहळू रस्त्यावर. बाकं सगळी तळ्याकडे तोंड करून, आणि इतकी लांब लांब की गप्पा मारायला भोंगा हवा. आता चौघं आपापल्या घरात. मी कुकरशी बोलते. तो निदान शिट्टी तरी देतो.

लोभ आहे, पण तुझ्या बाकांसारखा पाठ फिरवून.
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचून एकटीच खिदळले, साहेब बघत राहिले. उतार मुद्दाम दिलाय गं. तिथे रिकामटेकडी माणसं बसू नयेत असं बागेच्या समितीचं म्हणणं होतं. मी तो इतका बेमालूम काढला की सगळ्यांनी पाठ थोपटली. बाकं लांब ठेवली ती लोकांना शांतता मिळावी म्हणून. थोडे दिवस जाऊ दे, सवय होईल.

रागाव, पण लोभ आटवू नकोस.
ठमी

२० मार्च

चि. ठमीस अ. आ.

ती रिकामटेकडी माणसं म्हणजे आम्हीच. आणि शांतता माझ्या घरात भरपूर आहे, हवी तर डबा भरून पाठवते.

शिंप्याने डोकं लढवलं. एकीकडे जाड, एकीकडे पातळ अशा उशा शिवल्या, म्हणजे उतार भरून निघेल. पठ्ठ्याने जाड बाजू मागे ठेवली. टेकलो ते दुप्पट वेगाने खाली. उशी उलटी फिरवायची हे कळेपर्यंत नर्सबाईंचा घोटा मुरगळला होता. आता मुलगा त्यांना बाहेर सोडत नाही, आणि त्यांच्याशिवाय कुणी येत नाही.

मला फार एकटं वाटतं, ठमे. हे हसत लिहायला जमेना, म्हणून सरळ लिहिलं.

लोभ असावा, आणि टेकायला जागाही.
आत्या

४ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुला भेटून निघाले ती घरी गेलेच नाही. तुझ्याकडून मागून घेतलेली शिंप्याची ती उशी घेऊन बागेत जाऊन बसले. शेजारी कुणी आलं नाही. मी आखलेली शांतता मलाच सोसेना.

कालच्या बैठकीत समितीच्या अध्यक्षांना तीच उशी बसायला दिली, जाड बाजू मागे. थोड्याच वेळात ते टेबल धरून बसले होते. मग मी कठड्याचा विषय काढला. सपाट करायला मंजुरी मिळाली, बाकंही समोरासमोर येतील. साहेब माझ्याशी बोलत नाहीत.

लोभ वाढव, इथे सध्या तुटवडा आहे.
ठमी

९ मे

चि. ठमीस अ. आ.

कठडा सपाट झाला. नर्सबाई काठी टेकत आल्या, आल्या आल्या तुझा उद्धार केला, मग तासभर उठल्या नाहीत.

एक सांगायचं राहिलं. जुन्या कट्ट्यावर माझ्या शेजारची तुझ्या काकांची जागा आम्ही मोकळीच ठेवायचो. नव्या कठड्यावर ती नेमकी कुठली, हे कुणालाच सांगता येईना. मी शोधत उभीच राहिले, शेवटी अंदाजाने शेजारी जागा सोडून टेकले. तेवढ्यात मास्तर आले, जरा सरका म्हणाले.

मी सरकले.

लोभ आहे. इकडे आलीस की तूही बस, मावशील.
आत्या