ओविदियोची चावी

३ मार्च
एर्लिंदा, निघताना ही वही तूच हातात कोंबलीस, म्हणून तुझ्याशीच बोलत लिहितो. पानं भरली की बसवाल्याच्या हाती पाठवीन. आधी सांग, तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला उतरला का? मावशीच्या डोळ्यांत थेंब आता कोण घालतं? आणि आपलं खेचर अजून लंगडतं, की माझ्यापुढंच नाटक करत होतं?

मी सुखरूप पोचलो. सांता एदुविहेस म्हणजे टेकडीच्या कुशीतलं एवढंसं शहर, पण नगरपालिका कशी भरल्या घरासारखी! पुढच्या खोलीत नगराध्यक्षा बाई, शेजारी बाजाराची वसुली, अंगणात कचऱ्याच्या गाड्या, मागे स्मशानाचं खातं, आणि त्याला लागून पाण्याचं, म्हणजे माझं. बाईंनी स्वतः लोखंडी चावी हातात दिली, माझ्या छातीला लागेल एवढी उंच. चावीवाला झालो गं तुझा भाऊ!

तूर्त हंगामी आहे. महिनाअखेरीस शहराची खुली सभा भरते. लोकांनी हात वर केले की नोकरी कायम, आणि मागची खोली मरेपर्यंत माझी. नाही केले तर कुठे जाऊ? गावचा पंप बंद पडला, तिथलं काम गेलं, घर विकून बसलो. पण होईल सगळं. दारावर खडूनं नावही लिहिलं, तिबुर्सियो. आई लांबट हाक मारायची, तसंच वाचायचं.

७ मार्च
टाकी टेकडीवर आहे. उन्हाळ्यात सगळीकडे एकदम पाणी सोडलं तर वरच्या आळीला थेंब मिळायचा नाही, म्हणून पाळ्या. ज्या आळीची पाळी, तिथलं रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची आणि फिरवायची. मग घरोघरचे हौद भरू लागतात, बायका धुणं काढतात, पोरं ओरडतात. अख्खं शहर माझ्या मनगटावर!

कारमेन आळीच्या कोपऱ्यावर नोएमीबाई घेवड्याच्या पोळ्या विकते. जीभ म्हणजे मिरची. म्हणाली, ओविदियो मिस्त्री असताना पाणी कसं शिट्टी वाजवत यायचं, तुझं येतं म्हाताऱ्या बोकडाच्या मुतासारखं! सगळे हसले, मीही हसलो. ओविदियो म्हणजे माझ्या आधीचा चावीवाला. गेल्या पावसाळ्यात टाकीपाशी, चावी हातात धरूनच गेला. डावखुरा होता म्हणे.

१२ मार्च
उठल्यासुटल्या ओविदियो. ओविदियो झाकण अलगद ठेवायचा. ओविदियो आजाऱ्याच्या घरी आधी पाणी द्यायचा. नगराध्यक्षा बाईसुद्धा म्हणाल्या, मिस्त्रींची सर कुणाला नाही हो, तुम्ही आपले प्रयत्न करा.

आणि ऐक. पाळीच्या दिवशी लोक झाकणाशेजारी पानात गुंडाळलेली पोळी आणि कपभर कॉफी ठेवतात. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी! ऊन खात टेकडी चढतो मी, आणि आयती पोळी खातो मेलेला. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. कुणाचं कधी वाईट चिंतलं नाही मी, तुला ठाऊक आहे. पण छातीत काहीतरी सारखं जळतं.

१८ मार्च
आज पोळी खाल्ली. त्याची. रस्त्यात मांडी ठोकून, सगळ्यांदेखत. वर कॉफीही प्यालो. काय गोड लागली म्हणून सांगू!

नोएमीबाईच्या हातातलं उलथणं थांबलं. या खेपेला टोमणा नाही. हळूच म्हणाली, काका, हे बरं नाही केलंत. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. मी म्हटलं, मेलेल्याला कसली टाळी? ती छातीवर क्रूसाची खूण करत आत गेली.

२१ मार्च
कारमेन आळीत पोचायच्या आधीच पाणी सुटलेलं. झाकण अलगद बाजूला ठेवलेलं. चावी तर माझ्याच खांद्यावर होती.

बायका म्हणाल्या, आज शिट्टी वाजली बरं का मिस्त्री! मी म्हटलं, मीच सोडलं. खोटं बोललो. पण पहिल्यांदा कुणी मला मिस्त्री म्हणालं, एर्लिंदा. ते सोडवेना.

२४ मार्च
आज हट्टानं टाकीचाच मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. म्हटलं, पडू दे शहर कोरडं, मग कळेल पाणी कोण देतो ते. भर दुपारी पेरूच्या झाडाखाली चावी मांडीवर आडवी घेऊन बसलो.

चावी फिरली. मांडीवरच. सावकाश, कुणीतरी दुसरं टोक धरल्यासारखी. मी दोन्ही हातांनी दाबली, तर माझी मनगटंच फिरली तिच्याबरोबर.

खालून, आळीआळीतून, शिट्टी ऐकू आली.

२७ मार्च
नोएमीबाईनं मला ओविदियो म्हटलं. चेष्टा नव्हती. पोळीही हातात दिली, म्हणाली, मिस्त्री, तुमची.

बाजारातही तेच. कचऱ्याच्या गाडीवालेही. दारावरचं खडूचं नाव पुसलंय, मी नाही पुसलं.

अक्षर बघ माझं. डाव्या हातानं लिहितोय. उजवा ऐकत नाही.

३० मार्च
सभा झाली. सगळे हात वर. एकही खाली नाही. खोली मिळाली, कायम झालो.

बाई म्हणाल्या, ओविदियो मिस्त्री, उभे राहा. टाळ्या. मला उठायचं नव्हतं, पाय उठले. ओरडायला तोंड उघडलं, मी तो नाही, मी — पुढचं आलं नाही. बाहेर आली ती शिट्टी. लोक हसले, आणखी टाळ्या.

इतके दिवस वाटायचं मी जळतोय. जळत होता तो. मी चालतो, खातो, घाम गाळतो म्हणून. त्या टाळ्यांतली एकसुद्धा त्यानं मला दिली नाही.

३१ मार्च
एर्लिंदा, पानं बसवाल्याकडे देतो. पायांनी नेलं तर.

लवकर पत्र लिही. गुडघ्यांचं, खेचराचं, काहीही लिही. पण पाकिटावर माझं नाव घाल, मोठ्या अक्षरांत. आई हाक मारायची ते. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं बहुतेक, पण बघायला गेलो की डोळ्यांत पाणी येतं, अक्षरं लागत नाहीत — तुला आठवतं ना? पोस्टमन दारात मोठ्यानं वाचतो. वाचलं की मी ओ देईन. मी देईन, तो नाही.

शिट्टी सुरू झाली. हात चावीकडे —

लवकर लिही, माझं नाव —