बर्फावरचा पाय

व्हिएन्ना, पौष वद्य पंचमी

चिरंजीव हेरंब यास रमाकांतदादाचे आशीर्वाद, आणि आईच्या पायांवर डोके.

तुझे पत्र पोचले. आईचा दमा कसा आहे? ठाकुरद्वारच्या वैद्यांचा काढा ती घेते ना, की अजून खिडकीतून ओतते?

मी खुशाल आहे. सर्कशीत चाकांचे बूट घालून नाचायचो, इथे बुटांना पाती लावून बर्फावर नाचतो. आपल्या गिरगावात ताप चढलेल्याच्या कपाळावर ठेवतात तो बर्फ इथे अख्ख्या तळ्यावर असतो. घसरत घसरत त्यावर वर्तुळे काढायची, आणि ज्याची रेघ सुबक त्याला पदक. मला दोन मिळाली.

इथपर्यंत आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचे तुझ्यापुरते.

यंदाच्या सामन्यात मी पडलो. घोटा मोडला, जखम चिघळली. उद्या डॉक्टर गुडघ्याखाली पाय कापणार आहेत. हेरंब, मला दुसरे काहीच येत नाही रे. डोळे मिटले की अर्धवट राहिलेली ती रेघच दिसते. घरी कोणत्या तोंडाने येऊ, आणि इथे राहून तरी काय करू?

निघताना धक्क्यावर आई म्हणाली होती, "बाबा, परमुलखात पाय घसरू देऊ नकोस हो." दर पत्रात तू तिचा प्रश्न लिहितोस, दादाचा पाय घसरला नाही ना? या खेपेला तिला छातीठोकपणे सांग, दादाचा पाय आता कधीच घसरायचा नाही. तिला बरे वाटेल. वाटू दे.

तुझा दादा,
रमाकांत