दुसरी बाजू अख्खी वाजेल

सोलांज,

मघाशी फोनवर म्हणालीस, "उद्या पपांना अखेरचा निरोप देताना तुझ्या रेकॉर्डवरची ती भुताटकी नको. चारचौघांत शोभेल असं काहीतरी छोटंसं लाव." वर टोमणा, "एका रेकॉर्डवर चर्चचा ऑर्गन, दुसरीवर गाईंच्या घंटा, तिसरीवर अरबी ढोल! कोण घेणार असलं कडबोळं?"

पॅरिसात कुणी घेतलं नाही, गावातही नाही. म्हणून काही मी माझं रॉक सोडलं नाही, आणि उद्याही तुझं ऐकणार नाही. तिसऱ्या रेकॉर्डची दुसरी बाजू अख्खी वाजेल.

त्या बाजूवर अकॉर्डियन आहे. दर शनिवारी सगळी पंचक्रोशी ज्यांच्या अकॉर्डियनवर नाचायची, ते आपले पपा माझ्या गोठ्यातल्या स्टुडिओत गुपचूप आले आणि डोळे मिटून वाजवत राहिले. जाताना म्हणाले, "माझं नाव छापू नकोस रे. नाचायला येणारे हसतील."

नाही छापलं. आता हसू देत कुणाला हसायचं ते.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. चर्चमध्ये तुझं तुलाच कळेल. वाजवण्याआधी पपा घसा खाकरायचे ना? ते मी कापलेलं नाही.

तुझा हट्टी भाऊ,
गाएताँ