उतार, उतारा, उतरा

तीर्थरूप दादास,

धाकटीचा चाकांच्या खुर्चीतून साष्टांग नमस्कार (आठांपैकी सहा अंगं चालतात, उरलेली दोन गृहीत धर). वहिनीचे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे, पण मी जिवंत आहे असं पेन्शनसाठी सरकारला दरवर्षी कचेरीत जाऊन सांगावं लागतं आणि कचेरीला पाच पायऱ्या आहेत. त्यामुळे यंदा मी कागदोपत्री मेल्यातच जमा होते.

म्हणून आम्ही मंडळ काढलं. त्यात मी, ऐकू न येणारी शिंपीणबाई, परदेशातून आलेली एका हाताची नर्स (घरमालक आधी तिचा काळा रंग बघतात, मग हात बघतात आणि मग दार लावतात), आणि जिला सगळे ताई म्हणतात ती. ताईला तिच्या घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं आणि बाई म्हणून हाकललं. तिचा एक पाय लाकडी आहे, आवाज मात्र अस्सल. चौघींची चार गाऱ्हाणी, पण अडवणारी पायरी एकच.

अर्ज मी लिहिला. ‘दारात हवा आहे उतार।’ वाक्याच्या शेवटी दंड देऊ नकोस, टिंब दे, असं तू शाळेत असताना कानीकपाळी ओरडायचास. कारकुनाने तो दंड काना समजून ‘उतारा’ वाचलं आणि महिन्याने आमच्याच अर्जाची शिक्का मारलेली नक्कल आमच्या हातात ठेवली!

दुरुस्ती करणारे साहेब वरच्या मजल्यावर. त्यांनी निरोप धाडला, चार माणसं पाठवतो, बाईंना उचलून आणतील. मी काय कपाट आहे? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं रे. ते पाहून नर्स भडकली आणि ‘उतार’ म्हणायला जाऊन ओरडली, “उतरा!” ताईने तोच सूर उचलला, “साहेब, उतरा!” शिंपीणबाईने हात तिरका खाली आणला (तिच्या खुणांत ‘उतार’ आणि ‘उतरा’ दोन्हींना तेवढंच लागतं). कचेरीतली सगळी रांग ओरडायला लागली. शेवटी साहेब उतरले, पायरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि तिथेच सही केली.

तुझी,
धाकटी

ता. क. उतार झाला. परवा मी एकटी आत गेले. कारकुनाने विचारलं, “जिवंत?” म्हटलं, “आज जरा जास्तच.”

ता. ता. क. दादा, तू गवंडी. नवं घर बांधून तुला सहा वर्षं झाली. “तुला त्रास नको, आम्हीच येतो” म्हणतोस आणि येतोसही, खोटं कशाला बोलू? पण वहिनीचं स्वयंपाकघर मी अजून पाहिलेलं नाही. तीनच पायऱ्या आहेत. वहिनीच्या गुडघ्यांचीही या अर्जावर सही घे.

तुझ्या दारात हवा आहे उतार. (टिंब दिलंय.)