शेळी मावेल एवढी विजार

टिंबक्टूच्या छावणीतून आईला सिरिमानचा सलाम, आणि घरात माझी वाट बघणाऱ्या सगळ्यांना.

मी बरा आहे. मांडीला बाण चाटून गेला, पण लंगडत का होईना चालतो. तुझा खोकला कसा आहे?

पत्र मौलवींकडून लिहून घेतोय. ते म्हणतात, जरा सौम्य सांग. मी म्हटलं, सांगतो तेच लिहा.

बादशहाने मला विजार बक्षीस दिली. तुला माहीतच आहे, जितका स्वार बहादूर तितकी विजार रुंद. माझ्या विजारीत शेळी मावेल. भाटाने भर दरबारात माझं नाव गायलं. फोदेचं नाही.

आपल्या शेजारचा फोदे, आई. माझा घोडा पडला तेव्हा पायदळातला हा तिरंदाज माझ्यापुढे येऊन उभा राहिला. बाण संपले तरी हलला नाही. तिथेच गेला.

मी सरदाराला म्हटलं, ही विजार फोदेची आहे. तो हातातलं सोन्याचं कडं फिरवत हसला. "पायदळाला विजार कशाला रे? धावताना पायात अडकेल."

इथून उंटच्या उंट सोनं लादून जातात. फोदेच्या कफनाला कापड मागितलं, तर म्हणाले, संपलं. फाटक्या अंगरख्यातच पुरला त्याला.

विजार सोबत पाठवतोय. उसव आणि त्याच्या बायकोकडे घेऊन जा. तिन्ही पोरांचे कपडे होतील. कापड कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर पोरांना सांगायला शिकव: बादशहाने आमच्या बापाला दिलं.

तुझा जिवंत राहिलेला,
सिरिमान