ताराचंदजींची सोनेरी रेकॉर्ड

मुंबई, २८ सप्टेंबर १९८१

ती. सौ. सुलोचनावहिनींस,
गुलाबचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडे ठेवलेल्या माझ्या पेटीतल्या सोनेरी रेकॉर्डींना तुम्ही पराती म्हणता, खुशाल म्हणा. पण वरची एक आता बाहेर काढायची आहे. रॉकची एखादी रेकॉर्ड भरमसाट खपली की कंपनी तिला सोन्याचं पाणी देऊन चौकटीत बसवते आणि खपवणाऱ्याला बक्षीस देते. असली जुनी बक्षिसं गोळा करायचं माझं वेड तुम्हाला ठाऊकच आहे. ही ताराचंदजींची. त्यांच्याच हाताखाली मी रेकॉर्डी विकायचा धंदा शिकलो. कंपनीचं नागपूरचं ऑफिस बंद झालं तेव्हा ती भंगारात गेली आणि मला इथे चोरबाजारात सापडली, खाली त्यांचं नाव कोरलेलं.

ते वर्ध्याला दवाखान्यात आहेत, दिवस थोडे उरलेत. एकदा ती डोळ्यांनी पाहायची म्हणतात, आणि मी शब्द दिलाय. मला रजा नाही. दसरा झाला की तुम्ही नेऊन दाखवाल ना?

दादांना नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू द्यावी.
गुलाब

सिंदी (रेल्वे), ९ ऑक्टोबर

चि. गुलाबभाऊजींस अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, एक मी सोडून. आजारी माणसापुढे धुळकट वस्तू कशी न्यायची, म्हणून दसऱ्याला देवाची भांडी घासायला घेतली तेव्हा तीही चौकटीतून काढली. चिंच लावली, वरून राख. सोनं माझ्या बोटांवर आलं आणि खालून पांढरा पत्रा निघाला. तुमच्या दादांनी विचारलं, काऊन रडून राह्यली, तर कांदा चिरते म्हटलं.

आता नेऊ की नको? रागावलात तरी कळवा. लोभ कमी करू नका.
सुलोचना

मुंबई, १४ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

राग आला, खोटं कशाला लिहू. दोन दिवस पत्राला हात लावला नाही. पण काचेआडून काढू नका, एवढं मीच सांगायला हवं होतं.

तुम्ही न्याच. फक्त सोनं कसं गेलं ते त्यांना आधी सांगा. त्यांनी मला कधी खोटा माल विकू दिला नाही. खरं कळलं तर हसतील, तुमच्यासारखेच थट्टेखोर आहेत. लोभ आहेच.
गुलाब

सिंदी (रेल्वे), २६ ऑक्टोबर

चि. गुलाबभाऊजींस आशीर्वाद.

ताराचंदजी गुरुवारी गेल्याची तार मिळाली असेलच. मी मंगळवारी वर्ध्याला जाऊन आले होते. खोलीत सून, व्याही, शेजारी, सगळे उभे. त्यांनी चौकट छातीवर घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले की माझी तर पिवळीधम्मक होती. पोरानं माझं मन राखायले बाजारातून नवी बनवून धाडली, नाव काय, कोणीही कोरून देते. गुलाब असं करेल वाटलं नव्हतं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हाच सांगायचं होतं, भाऊजी. चिंच आणि राख, एवढंच. पण इतक्या लोकांत अडाणी ठरेन, याची लाज वाटली. मी चौकट पिशवीत घातली, येते म्हटलं, आणि सिंदीला उतरल्यावर वांगीसुद्धा घेतली.

तेरवीला जाऊन त्यांच्या घरच्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण ते तुम्हाला खोटा समजून गेले, आणि मी शेजारी बसून ते होऊ दिलं.

लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही. जमलं तर ठेवा.
सुलोचना