मडक्यातल्या गांधीलमाश्या

मार्गशीर्ष, शके १८६६. मंगळवार, दिवेलागण.

आज लिहिल्याबिगर घास उतरायचा न्हाई. गोठ्यातलं गांधीलमाश्यांचं पोळं निघालं! मी काढलं, माझ्या लेकानं, दत्तूनं न्हाई.

आठ दिवस आमची गाभण कपिला थंडीत उघड्यावर. आज-उद्या विणार, अन् गोठ्यात नेली की माश्या डसायच्या. काल दत्तू काठी घेऊन गेला अन् डोळा सुजवून आला. मग म्हणे, पलिता लावतो. अरे, वर कडबा रचलाय, गोठाच जळंल की! तर म्हणतो, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

कळतं की. गारठ्यात गांधीलमाशी उडत न्हाई, हे माझी आई सांगायची. ती तर विंचूबी चिमट्यानं धरायची, असो. तांबडं फुटायच्या आत सुनेला उठवलं. बाजेवर चढून मडकं पोळ्याखालून वर नेलं, वाशाला घट्ट दाबलं. सुनेनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा मधून सरकवला. पोळ्याचा देठबी तुटला, झाकणबी लागलं. हातात मडकं काय घुमत हुतं, बाई! तसंच नेऊन ओढ्यात बुडवलं.

दत्तू उठून बघतो तर कपिला गोठ्यात.

"मला का न्हाई उठवलंस?"

"एकच डोळा उघडतोय तुझा. म्हटलं, तो तरी निजू दे."

सून पदरात तोंड घालून हसली. मडकं ओढ्यात गेलं, तरी माझ्या हातात अजून घुमतंयच.

दुपारी कपिलेला कालवड झाली, उबेत. तिला पुसता पुसता दत्तू हळूच म्हणाला, "आई, आडावरबी एक पोळं हाय, त्याचं काय करू गं?"

आता विचारतोय!